दार अडवणारा अधिकारी: वूस्टरच्या शीतगृहाची आग

३ डिसेंबर १९९९, शुक्रवार. संध्याकाळी ६ वाजून १३ मिनिटांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टर शहराच्या अग्निशमन दलाला वर्दी मिळाली. पत्ता होता २६६, फ्रँकलिन स्ट्रीट. शेजारून उंचावरून जाणाऱ्या महामार्गावर एका वाहनचालकाला छपरातून निघणारा धूर दिसला होता. त्यानंतर पावणेदोन तासांनी सगळ्यांनी बाहेर पडायचा हुकूम सुटला, तेव्हा दलाचे सहा जण आत बेपत्ता होते. सहापैकी एकही वाचला नाही.

आग विझवण्याचे डावपेच शिकवताना हे प्रकरण मी पुन्हा पुन्हा काढतो, कारण त्यात सोपा खलनायक सापडत नाही. कमांड, म्हणजे आगीच्या जागेवरचं नेतृत्व, हातात घेणारा अधिकारी अनुभवी होता, सावध होता, इमारत ओळखून होता. त्याने पहिल्या वर्दीनंतर चार मिनिटांच्या आत दुसऱ्या दर्जाची वर्दी दिली, म्हणजे आणखी गाड्या आणि माणसं मागवली. ज्वाळा दिसत नसताना, नुसत्या धुरावर आणि इमारतीच्या लौकिकावर. असा निर्णय घ्यायला धाडस लागतं, कारण आग फुसकी निघाली तर दुसऱ्या दिवशी चेष्टा ठरलेली असते. माणूस शहाणा, सुरुवात चोख आणि तरीही सहा गेले. मग योजनेत नेमकं कुठे काय सुटलं, हे बघायला हवं.

इमारत

मूळ बांधकाम १९०६ चं, नंतर त्याला दुसरा भाग जोडलेला. सहा मजले, जाड विटांच्या भिंती. शीतगृह असल्यामुळे दुसऱ्या मजल्याच्या वर साठवणीच्या भागाला एकही खिडकी नव्हती. थंडी आत राहावी म्हणून भिंतींना आतून बुचाच्या लाकडाचे आणि डांबराचे थर, पुढे त्यावर पॉलिस्टायरीन आणि पॉलियुरेथेन फोम. इमारत दहा वर्षांहून जास्त काळ ओस पडलेली.

लोक म्हणतात, रिकाम्या गोदामात जळणार काय? इथे भिंतीच जळणार होत्या. एक किलो लाकूड जळून साधारण १८ मेगाज्यूल उष्णता देतं, एक किलो पॉलिस्टायरीन जवळपास ४०. म्हणजे माल काढून नेला तरी इंधन जागेवरच होतं, आणि ते प्लास्टरमागे असल्यामुळे डोळ्यांना दिसत नव्हतं. जो थर थंडी आत धरतो तोच उष्णताही आत धरतो. बाहेरच्या भिंतीला हात लावून आतल्या आगीचा अंदाज येत नाही. खिडक्या नाहीत म्हणून ज्वाळा दिसत नाहीत, शिडी लावून बाहेरून कुणाला काढता येत नाही, बाहेरून पाण्याचा झोतही आत पोचत नाही. वरपासून खालपर्यंत जाणारा जिना एकच.

आता डावपेचाचा विचार न करता नुसती ही इमारत कागदावर मांडून बघा. बाहेर पडायची वाट एक, हवा यायला जागा नाही, इंधन भिंतीत लपलेलं, मालमत्तेची किंमत जवळपास शून्य. असा कागद समोर आला तर कुठलाही अधिकारी सांगेल की माणसं आत फार खोल पाठवू नका, आग बाहेरून आणि कडेकडेने धरा. मग त्या रात्री माणसं पाचव्या मजल्यावर कशी गेली?

पहिली अकरा मिनिटं

पहिल्या वर्दीवर सात गाड्या आणि तीस जण आले. आत शिरल्यावर सगळीकडे विरळ धूर. दुसऱ्या मजल्यावर जुन्या कचेरीच्या भागात मोठी आग सापडली. (अमेरिकन मोजणीतला दुसरा मजला म्हणजे आपला पहिला. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण पुढे मजल्यांकडे परत यायचं आहे.) एका तुकडीने होज (पाण्याचा पाइप) ओढून त्या आगीवर आतून हल्ला चढवला. दुसरी छपरावर गेली आणि धूर निघावा म्हणून वरून वाट मोकळी केली.

त्या काळच्या शिकवणुकीप्रमाणे दोन्ही कामं बरोबरच होती. आग आटोपशीर असती आणि पाणी वेळेत मुळावर पोचलं असतं, तर छपराची वाट उपकारकच ठरली असती. पण पाणी आगीपेक्षा मागे पडलं की तीच वाट चिमणी होते. गरम वायू वर जातात, खालून ताजी हवा खेचली जाते आणि मधला जिना त्या प्रवाहाच्या मार्गात येतो. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या गव्हर्नर्स आयलंडवर खऱ्या घरांत आगी लावून जे प्रयोग झाले, त्यानंतर हवेच्या वाटेचा हा विचार जगभरच्या प्रशिक्षणात नीट रुजला. १९९९ मध्ये छपरावर काम करणाऱ्यांना त्याबद्दल दोष देणं मला पटत नाही. मात्र एक गोष्ट तेव्हाही कळण्यासारखी होती. छपर उघडूनही धूर कमी होत नसेल, तर आग आपल्याला दिसतेय तेवढीच नाही. हा निरोप छपरावरून खाली जायला हवा आणि खालच्याने तो घड्याळ बघून वहीत टिपायला हवा.

विरळ धुराने सगळ्यांनाच फसवलं. दिसतंय, श्वास घेता येतोय, आगीला पाणी लागलंय. अशा वेळी योजना बदलावी असं कुणाच्या मनातही येत नाही.

६ वाजून २४ मिनिटं

वर्दीनंतर अकराव्या मिनिटाला शेजारच्या उपाहारगृहाच्या मालकाने येऊन सांगितलं की आत दोन बेघर माणसं राहत असतील.

माझ्या मते सगळं प्रकरण या वाक्यावर फिरतं. त्याआधी ही ओस इमारतीची आग होती. त्यानंतर ती सुटकेची मोहीम झाली. व्यूह बदलला, पण तो बदलतोय असं मोठ्याने कुणी म्हटलं नाही. जीव वाचवण्यासाठी मोठा धोका पत्करायचा, मालमत्तेसाठी थोडा, आणि जे आधीच गेलंय त्यासाठी अजिबात नाही, हे सूत्र जगातल्या बहुतेक दलांत शिकवलं जातं. दोन माणसं आत असतील म्हटल्यावर सूत्राच्या पहिल्या कलमाखाली सगळं आपोआप बसलं. इथे घाई झाली. ‘आत असतील’ आणि ‘आत आहेत’ यांत फरक आहे. त्यांना कुणी शेवटचं कधी पाहिलं, ती कुठे झोपतात, त्यांना जिना माहीत आहे का, हे तीन प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतं. आग कचेरीच्या भागात, म्हणजे माणसं राहण्याजोग्या जागेतच लागलेली. तिथे राहणारा माणूस एक तर आगीआधीच निघून गेलेला असणार किंवा आगीच्या अगदी जवळ असणार. पाचव्या मजल्यावरच्या काळोख्या शीतकक्षात तो असण्याची शक्यता सगळ्यांत कमी.

पुढे तपासात कळलं ते असं: मेणबत्ती पडून आग त्या दोघांच्याच हातून लागली होती, आणि वर्दी येण्याआधीच ती दोघं कुणालाही न सांगता निघून गेली होती. इमारतीत वाचवण्यासाठी कुणी नव्हतंच.

ही नंतरची अक्कल आहे, मान्य. शोध घ्यायचाच नाही असं मी म्हणणार नाही. ‘आत माणसं आहेत’ हे ऐकून हात बांधून उभा राहणारा अधिकारी मलाही नको आहे. माझं म्हणणं शोधाच्या मापाबद्दल आहे. सुटकेची तुकडी दोन भागांत विभागली गेली आणि एक जोडी छपराकडून खाली शोधत निघाली. त्यांच्या शोधाला कुठून कुठपर्यंत, किती वेळ आणि काय झालं की परतायचं, या तिन्ही मर्यादा कमांडकडून मिळायला हव्या होत्या.

हवेचा हिशेब

इथे जरा थांबून आकडे मांडतो, कारण वर्गात हीच गोष्ट बोलून पटत नाही, फळ्यावर मांडली की पटते.

‘३० मिनिटांचा’ म्हणून ओळखला जाणारा श्वसनसंचाचा सिलिंडर म्हणजे साधारण १२०० लिटर हवा. तीस मिनिटं हा आकडा मिनिटाला ४० लिटर वापर धरून काढलेला असतो. अंगावर वीसेक किलोंचं सामान घेऊन जिने चढणारा, रांगणारा, ताणाखाली असलेला माणूस मिनिटाला ७५ लिटर सहज ओढतो. म्हणजे हातात सोळा मिनिटं. पाव सिलिंडर उरला की घंटी वाजते, ही त्या काळची पद्धत. पाव म्हणजे ३०० लिटर, म्हणजे चार मिनिटं.

तपास करणाऱ्यांच्या मते हरवलेली जोडी बाहेर पडायच्या एकमेव वाटेपासून दीडशे फुटांहून, म्हणजे ४५ मीटरहून लांब होती. घंटी वाजल्यावर चार मिनिटांत ४५ मीटर कापायचे तर मिनिटाला अकरा मीटर हवेत. दिसत काही नाही. भिंती सगळ्या सारख्या, आणि शीतगृहाचं जाड दार बंद असलं की हाताला भिंतीसारखंच लागतं. एक वळण चुकलं की हिशेब संपला.

यातून निघणारा नियम साधा आहे. परतायची वेळ घंटीने ठरवायची नाही, अंतराने ठरवायची. जितकी हवा आत जाताना खर्च झाली, त्याहून जास्त बाहेर येण्यासाठी राखून ठेवायची. ही आकडेमोड धुरात रांगणाऱ्या माणसाने करायची नसते. ती जिन्याच्या तोंडाशी, हातात वही आणि घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या माणसाने करायची असते. कोण आत गेला, किती वाजता, कुठल्या मजल्यावर, सिलिंडरमध्ये किती दाब घेऊन. हे काम कुणालाच नको असतं, कारण त्यात शौर्य दिसत नाही. मी मात्र अशा जागी तुकडीतला सगळ्यांत खडूस आणि काटेकोर माणूस उभा करीन.

६ वाजून ४६ मिनिटं

शोध सुरू झाल्यावर सुमारे बावीस मिनिटांनी वॉकीटॉकीवर हाक आली. जोडी पाचव्या मजल्यावर वाट चुकली होती, हवा संपत आली होती. तोवर आतली परिस्थिती झपाट्याने बिघडली होती आणि वरच्या मजल्यांवर जवळपास काहीच दिसत नव्हतं.

मजल्यांचा मुद्दा इथे येतो. छपरावरून उतरलेला माणूस मजले वरून मोजतो, खालून चढणारा खालून. खिडक्या नसतील तर बाहेर उभ्या असलेल्याला कुठला मजला कुठे संपतो हेच कळत नाही. म्हणून पहिल्या पाच मिनिटांत कमांडने जाहीर करायचं असतं: मजले खालून मोजायचे, तळाचा मजला एक, रस्त्याकडची बाजू ‘अ’, तिथून घड्याळाच्या दिशेने ‘ब’, ‘क’, ‘ड’. मदतीची हाक आल्यावर आधी मजला कुठला यावर चर्चा करावी लागली, तर ती चर्चा हरवलेल्या माणसाच्या सिलिंडरमधून वजा होत असते.

मग तिसऱ्या आणि चौथ्या दर्जाच्या वर्द्या. माणसं येत गेली आणि वर शोधाला जात गेली. आपला सोबती वर आहे आणि त्याची हवा संपतेय, हे ऐकल्यावर खाली थांबणारा फायरमन मी अजून पाहिलेला नाही. याच शोधात आणखी दोन तुकड्या वरच्या मजल्यांवर वाट चुकल्या. दोनाचे सहा झाले.

अमेरिकेत १९९८ पासून नियम आहे की दोघे आत गेले तर किमान दोघे बाहेर तयारीत हवेत. वूस्टरसारख्या इमारतीला दोन पुरत नाहीत. बाहेर थांबलेली तुकडी खरोखर बाहेर थांबायला हवी: ताजे सिलिंडर, दोर, उष्णता दाखवणारा कॅमेरा आणि जिन्याचा नकाशा डोक्यात. तिला दुसरं कुठलंही काम सांगायचं नाही. आणि ही तुकडी वर गेली की तिच्या जागी लगेच दुसरी उभी करायची, तिसरीला वर पाठवण्याआधी. त्या रात्री मनुष्यबळ होतं, पण ते धावत येत होतं आणि धावतच वर जात होतं. दोराचं एक टोक जिन्याला बांधून दुसरं हातात धरून गेलेली तुकडी हळू जाते हे खरं, पण ती परत येते.

बाहेर पडायचा हुकूम आधी द्यायला हवा होता का, असं वर्गात हमखास विचारलं जातं. माझं उत्तर लोकांना आवडत नाही. हुकूम वीस मिनिटं अलीकडे ओढण्यापेक्षा, शोधायला जाणाऱ्यांना नीट पाठवलं असतं तर जास्त जीव वाचले असते. दोराशिवाय, वेळेच्या मर्यादेशिवाय वर गेलेल्या तुकडीला वॉकीटॉकीवर ‘बाहेर या’ म्हणून काय उपयोग? तिला बाहेर कुठे आहे हेच माहीत नसतं.

दारातला माणूस

पाणी मारून आग हटत नव्हती. आठ वाजायला आले होते. आत सहा जण बेपत्ता. जिन्याच्या तोंडाशी डिस्ट्रिक्ट चीफ माइक मॅकनामी उभा होता, आतल्या कामाची जबाबदारी त्याच्याकडे होती. समोर वर जायला तयार असलेली माणसं, त्यांचे सोबती वर अडकलेले. मॅकनामीने दार अडवलं आणि सांगितलं की आता कुणीही आत जाणार नाही, सहा गेलेत तेवढे पुरे. माणसं त्याच्यावर संतापली. तो हलला नाही.

डावपेच शिकवताना आपण पाण्याचे झोत, शिड्या, हवा सोडायच्या वाटा यांवर तासन्‌तास बोलतो. या क्षणावर बोलायचं राहून जातं. आतून हल्ला सोडून बाहेरून मारा करायचा, हा बदल कागदावर एका बाणाचा आहे. प्रत्यक्षात तो एका माणसाला दारात अंगाने उभं राहून करावा लागतो, आणि तेही आपल्याच लोकांविरुद्ध. सहा जणांना त्याने सोडून दिलं असं म्हणणारे तेव्हाही असतील. त्या जिन्यावर चढायला निघालेले किती जण आपल्या घरी गेले, हे मोजणारं कुणी नसतं.

ठरलेला व्यूह मोडणं किती अवघड असतं, याचं दुसरं उदाहरण लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच रहिवासी इमारतीच्या आगीचं. १४ जून २०१७ च्या रात्री १२.५४ ला पहिली वर्दी आली. रहिवाशांनी आपापल्या घरातच थांबावं ही सूचना २.४७ पर्यंत कायम राहिली. ती १.३० ते १.५० च्या दरम्यान मागे घ्यायला हवी होती, असा निष्कर्ष चौकशीच्या पहिल्या टप्प्याच्या अहवालाने काढला. दोन्ही आगींत इमारत वेगळी, दल वेगळं, चूकही वेगळी. पण पहिल्या दहा मिनिटांत ठरलेली गोष्ट पुढे कुणी परत तपासून पाहत नाही, हे दोन्हीकडे सारखं.

म्हणून माझ्या योजनेच्या कागदावर वरच एक ओळ छापलेली असते: हा व्यूह कशामुळे रद्द होईल? आत माणूस पाठवण्याआधी ती ओळ भरायची. वूस्टरसाठी मी लिहिलं असतं: दुसऱ्या मजल्यावर पाणी लागल्यापासून दहा मिनिटांत धूर पातळ झाला नाही तर, जिन्यात धूर वरून खाली यायला लागला तर, आगीचा मजला आणि त्यावरचा एक, एवढा शोधून कुणी सापडलं नाही तर. यातलं एक जरी घडलं तरी सगळे बाहेर, हजेरी आणि मग नवा विचार. शांतपणे आधी लिहून ठेवलं की ऐन वेळी ते हुकमासारखं न वाटता ठरल्याप्रमाणे वाटतं, आणि दारात उभ्या असलेल्या माणसाचा भार थोडा हलका होतो.

आणि कमांड करणाऱ्याला दर दहा मिनिटांनी नियंत्रण कक्षाने वेळ सांगायची. ‘वर्दीपासून वीस मिनिटं’, ‘तीस मिनिटं’. आगीसमोर उभ्या माणसाचं घड्याळ बंद पडतं. बावीस मिनिटांचा शोध त्याला सातआठ मिनिटांचा वाटतो. याला खर्च शून्य आहे आणि तरीही किती ठिकाणी ते होत नाही, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

हुकमानंतर बाहेरून मारा सुरू झाला. उंच शिड्यांवरून आणि मॉनिटरमधून (मोठा झोत सोडणाऱ्या पाण्याच्या तोफांमधून), वूस्टरच्या आणि आसपासच्या दलांच्या गाड्या लावून, वीस तासांहून जास्त. मग ढिगारा उपसायला सुरुवात झाली. सहाही जणांचे मृतदेह हाती यायला आठ दिवस लागले.

पुढच्या तपासांनी सुचवलेल्या गोष्टी आज अनेक दलांत रोजच्या झाल्या आहेत: आत गेलेल्यांची काटेकोर नोंद, जवानांच्या सुटकेसाठी राखीव तुकडी, मोठ्या जागेत दोर धरूनच शोध, उष्णता दाखवणारे कॅमेरे आणि धोकादायक ओस इमारतींवर आधीच लावलेली खूण. यातल्या शेवटच्या गोष्टीला मी सगळ्यांत वर ठेवतो, कारण ती एकटीच आगीआधी करता येते. दिवसा, उजेडात, कुणाचीही हवा संपत नसताना इमारतीत एक चक्कर मारायची, जिने मोजायचे, भिंतीला एक भोक पाडून आतला थर बघायचा.

२६६, फ्रँकलिन स्ट्रीटवर आता अग्निशमन केंद्र आहे. ते २००८ मध्ये सुरू झालं.